माडीवरचा हिवाळा

२६ एप्रिल १९९२, रविवार. पनवेल.

आज बिऱ्हाड लागलं. बिऱ्हाड म्हणजे एक ट्रंक, एक वळकटी, स्टोव्ह आणि लाकडी खोक्यात कापसात गुंडाळलेल्या माझ्या दोन तापमाप्या. सोलापूरपासून एस.टी.त खोकं मांडीवरून खाली ठेवलं नाही. कंडक्टरने विचारलं, काका, आत देव आहेत काय? म्हटलं, देवापेक्षा खरं बोलतात.

खोली माडीवर, मोहल्ल्याच्या टोकाला. कौलारू, शेजारी उघडी गच्ची. खिडकी उत्तरेला; हवा स्वच्छ असली की मलंगगड दिसतो. मालकीण शहाबानो, साठीच्या, एकट्याच राहतात. गल्ली त्यांना आपा म्हणते, मीही तेच धरलं. अट एकच: पावसाच्या आत खोली सोडायची. गळत असेल. दोन कौलं फुटकी आहेत, ती मीच बदलीन आणि अट आपोआप सुटेल.

उद्यापासून तळोज्याच्या कारखान्यात मापकं दुरुस्त करायचं काम, रोजंदारीवर. खरं काम मात्र संध्याकाळचं. वेधशाळेने माझ्या नोंदी तीनदा परत पाठवल्या. प्रशिक्षित निरीक्षकाच्याच नोंदी चालतात म्हणे. मी मॅट्रिक नापास, पण पारा वाचायला कोणाकडून शिकलो नाही आणि कोणाला चुकू दिला नाही. इथला उन्हाळा असा टिपीन की त्यांना माझं नाव छापावं लागेल. माझं नाव कुठेतरी राहावं, एवढंच. मागे ठेवायला दुसरं काही नाही.

३० एप्रिल

गच्चीवर झडपांची पांढरी पेटी बसवली. आत एक तापमापी, दुसरी खोलीत. दुपारी गच्चीवर अडतीस अंश, खोलीत एकोणीस. अदलाबदल करून पाहिली. आकडे तेच.

गव्हाणची साळू आपांकडे रोज मासळी घेऊन येते. पदराने घाम पुसत जिन्यावर बसली आणि खोलीतला गारवा लागल्याबरोबर म्हणाली, मास्तर, माजी पाटी तुमच्या खोलीत ठेवू काय, बरफाचं पैसं वाचतीन. मी मास्तर नाही हे दोनदा सांगितलं. ती म्हणाली, चष्मा हाय ना, मंग झालं.

८ मे

वीज गेली, आणि मी वाचतच राहिलो. मग ध्यानात आलं की साडेआठ वाजून गेलेत. खिडकीच्या काचेतून उजेड येत होता, ताकाच्या निवळीसारखा पातळ. तावदान उघडलं: बाहेर काळोख, गल्लीत कंदील. तावदान लावलं: पुन्हा उजेड.

सकाळी आपांना विचारलं. त्यांना नवल वाटलं नाही. मुलगा शाहीद जहाजावर होता. उत्तरेकडच्या कुठल्याशा बंदरात त्याचं जहाज वर्षभर येऊन-जाऊन असायचं. त्या शहराचं नाव आपांना घेता येत नाही, पण हवा तोंडपाठ आहे. तो सांगायचा, अम्मी, तिथे जूनमध्ये रात झोपायलाच येत नाय. लोक रात्री दहाला बागेत बसतात, उघड्या अंगाने उन्हात लोळतात, आणि समुद्रात पाय घातला तर जान जाते. दोन महिन्यांचा उन्हाळा, म्हणून शादीच्या घरासारखा खर्च करतात. मग पानं पिवळी. मग आडवा पाऊस. मग दुपारी तीनला अंधार, आणि बर्फ.

सात वर्षांपूर्वी मे महिन्यात गेला तो आला नाही.

शाळेचा नकाशा काढून उजेडाच्या तासांवरून हिशेब केला. साठ अंश उत्तर. माझ्या खोलीत त्या शहराचा उन्हाळा आहे. अशी नोंद आजवर कोणी केलेली नाही.

१७ मे

गच्चीवर आपांचं वाळवण: कैरीच्या फोडी, मिरच्या, गाद्या, आणि एक काळा लोकरी कोट, गुडघ्याएवढा. शाहीदचा. जाताना म्हणाला, तिथे आता उन्हाळा, ओझं कशाला, थंडीच्या आत येतो. दर वैशाखात आपा तो उन्हात घालतात. जमातीची माणसं म्हणतात, आता गैरहजेरीत जनाज्याची नमाज पढून घेऊ. आपा नाही म्हणतात. कोटाला ऊन लागतं तोवर त्याला थंडी वाजत नाय, असं त्यांचं म्हणणं.

भावना ठीक आहे. पण दोरीवरचा कोट माझ्या पेटीचा वारा अडवतो आणि आकडा दोन अंशांनी खोटा येतो. सांगून पाहिलं. त्या हसल्या, म्हणाल्या, भाऊ, तुमचा पारा रोज आहे, माझा लेक एकच. आज त्या बाजारात गेल्यावर कोट काढला, घडी घातली, खोलीतल्या कपाटात ठेवला. पावसानंतर देईन.

२० मे

खोलीत नऊ अंश. गच्चीवर चाळीस.

खिडकीच्या आतल्या कट्ट्यावर पिवळी पानं पडली आहेत. लहान, कडा करवतीच्या. पनवेलात असं झाड नाही. बारा दिवसांपूर्वीचा लांब उजेड आता सातलाच मावळतो.

आपा कोट शोधत आल्या. खरं ते सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, नुसत्या खाली बसल्या. म्हणाल्या, परत द्या, नाहीतर तुमी घाला, पन गच्चीवर घाला. खोलीत नको. तिथे तो शोधत येईल. म्हटलं, दोन दिवस थांबा, नोंदी तुटतील.

२४ मे

चार अंश. काचेवर आडवा पाऊस. तावदान उघडलं तर कोरडी गल्ली, पोरं गोट्या खेळताहेत.

कारखान्यात रजा टाकली. मुकादमाने कारण विचारलं नाही.

वळकटीतल्या सगळ्या चादरी घेतल्या तरी बोटं वळत नव्हती. शेवटी कोट घातला. खांद्यांत बरोबर बसला. ऊब आहे त्याला, उन्हाची. इतकी वर्षं कोणी माझ्या अंगावर काही घातलं नव्हतं.

२९ मे

दुपारी तीनला अंधार. शून्याखाली दोन.

आपा जिन्याच्या तळाशी उभ्या राहून विनवत होत्या. मलंगगडावर ढग आलेत भाऊ, खोली सोडा, कोट खाली टाका. साळूही ओरडली, मास्तर, हट नका करू, शिकलेलं मानूस असं येड्यावानी वागतंय काय. म्हटलं, आठ दिवस. हिवाळा पुरा झाला की वर्ष पुरं होईल. अर्ध्या वर्षाची नोंद कोण छापणार?

त्या दोघी गेल्या. मी जिन्याकडे बराच वेळ बघत होतो.

२ जून

उणे नऊ. उजेड दहा ते अडीच.

तावदान उघडलं. बाहेरही बर्फ. गल्ली नाही. उंच घरं, पिवळे दिवे, माणसं खाली मान घालून जाणारी. तावदान लावलं, उघडलं, लावलं. तेच.

दार उघडलं. जिना बर्फाने भरलेला, आणि तळाशी तोच रस्ता.

एका माणसाला हाक मारली. मराठीत. त्याने वर पाहिलं नाही.

३ जून

खालून अजून ऐकू येतं. फरशीला कान लावला तर आपांचा खोकला, साळूची मासळीची घासाघीस. मी फरशी ठोकली. आपा म्हणाल्या, उंदीर.

आकड्यांचं मला आता — नाही, लिहितो. उणे चौदा.

४ जून

रस्त्यावर एकजण आहे. नुसता सदरा. मुठी काखेत. एकेका खिडकीकडे बघत येतो, पुढच्या घराकडे जातो. मी दिवा विझवला.

५ जून

माझ्या खिडकीखाली उभा आहे. मोहल्ल्यातलाच चेहरा. आपांची हनुवटी.

रॉकेल संपलं. कोट काढला की छातीत दुखतं.

६ जून

जिन्यावर आहे. दार वाजवत नाही. त्याचे दात वाजतात, ते ऐकू येतं. सकाळपासून.

मी दारातून विचारलं, काय हवंय. तो म्हणाला, भाई, अम्मीने पाठवलं होतं ते.

कोट दिला नाही तर तो इथेच मरेल, माझ्या दाराशी. दिला तर मी. आणि तिसरं — त्याच्यासाठी जिना घराकडे जात असेल, तर त्याच्या मागोमाग, पावलावर पाऊल —

दार उघडतो आहे.

६ जून, नंतर

दिला. त्याने घातला. माझे दोन्ही हात धरले, क्षणभर. मग उतरला. मी मागेच होतो. त्याची पावलं आधी बर्फात वाजली, मग लाकडावर. माझी बर्फातच. तळाशी रस्ता. परत वर आलो.

फरशीला कान. आपा रडतात, हसतात. अख्खी गल्ली आलेली. कोणीतरी शेवया भाजतंय. बाहेर पाऊस पडतो आहे, खरा, पनवेलचा. मी ठोकतो. ठोकतो.

साळू विचारते आहे, आपा, लेक आला, आता माडीवर त्यालाच ठेवा. रिकामीच ना?

आपा म्हणाल्या, रिकामीच. भाडेकरू कवा ठेवलाच नाय मी.

नाव सांगतो. प्रभाकर. मोठ्याने — तीनदा —

शाई गोठते. पेन्सिल. उजेड वहीच्या अर्ध्या पानापर्यंत आला आहे, सावली खालून चढते. ओळी वर सरकवून लिहितो. पारा दिसत नाही, अंदाजाने — नाही, अंदाज लिहीत नाही मी कधी — जिन्यावर कोणीतरी — नाही, जिना —

अजून दोन ओळींपुरता उजेड आहे. माझं नाव प्रभा