नकाशातले पोट आणि माझी मिळकत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सत्त्याहत्तर, विभागीय भूमापन कार्यालयातून निवृत्त झालेली नकाशा-आरेखक, टेकडीखालच्या अठरा घरांच्या गल्लीत राहणारी, लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, हात थरथरत नाही आणि शेजारी बसून कोणी मला सांगत नाही. डॉक्टरबाईंनी मंगळवारी तपासून तसा दाखला दिला आहे. गुडघ्यांबद्दल त्यांचे मत वेगळे आहे, पण सही गुडघ्यांनी करायची नसते. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझे पती अकरा वर्षांपूर्वी गेले. आम्हाला मूल नाही. जवळचे म्हणाल तर धाकटा भाऊ आणि त्याची मुलगी, म्हणजे माझी भाची.

कलम १. राहते घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर व मागचा व्हरांडा, हे माझ्या पगारातून बांधलेले आहे. ते अर्धे भाचीला व अर्धे धाकट्या भावाला द्यावे. भावाचे आणि माझे एकतीस वर्षे बोलणे नाही. कारण कलम ३ मध्ये येईल. तरी अर्धे घर देते, कारण अबोला धरला म्हणून भाऊ वारसांतून वजा होत नाही.

कलम २. शाईने रेषा ओढायची तीन रुलिंग पेन, पितळी परकार व काचेची शाईची दौत भाचीला. ती इमारतींचे आराखडे संगणकावर काढते, तिला यांचा काडीचा उपयोग नाही. पण टेबलावर ठेवावीत. परकाराचा एक पाय वाकडा आहे. तो माझ्याकडून वाकलेला नाही, आमच्या कार्यालयाच्या मोठ्या साहेबांनी त्याने बिस्किटांचा डबा उघडला होता.

कलम ३. कपाटातल्या वरच्या कप्प्यातली मूळ नकाशाची ट्रेसिंग नक्कल भूमापन कार्यालयाच्या अभिलेख कक्षात जमा करावी आणि पोच घ्यावी. पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नये. मी त्या कक्षात छत्तीस वर्षे काढली आहेत.

या नकलेची हकीकत लिहिणे भाग आहे. पूर्व आणि पश्चिम अशा आमच्या दोन जिल्ह्यांमधली हद्द पूर्वी ओढा होती. एका पुरात ओढाच सरकला. मग कर वसूल करायचा असला की ही जमीन दोघांची, आणि पूल दुरुस्त करायचा असला की कोणाचीच नाही. शेवटी आयोग बसला, जुन्या पात्राच्या रेषेत दगड रोवले गेले आणि ती रेषा मी शाईने ओढली. त्यात आमची टेकडी व गल्ली पूर्वेकडे राहिली. दवाखाना तिकडेच, दहा मिनिटांवर.

पुढे टेकडीत बांधकामाचा उत्तम दगड निघाला. पश्चिम जिल्ह्याच्या अध्यक्षांना खाण आपल्याकडे हवी झाली. माझा भाऊ त्यांचा चिटणीस होता. एके दुपारी तो माझ्या टेबलाशी आला.

"ताई, रेषेला एक छोटंसं पोट काढायचंय."

"कसलं पोट?"

"टेकडीभोवती. तुमच्या मोठ्या साहेबांनी मान्यता दिलीये, हे पत्र. जुनी नक्कल नष्ट करायची, असंही लिहिलंय."

मी पोट काढले. सुबक काढले, हे कबूल करते. त्या पोटात खाण गेली, आमची अठरा घरे गेली आणि मीही माझ्याच पेनाने दुसऱ्या जिल्ह्यात गेले. नक्कल मात्र नष्ट करवेना. घडी न घालता घरी आणली.

पाच महिन्यांनी समोरच्या बेकरीवाल्याच्या बायकोला भर दुपारी कळा सुरू झाल्या. आमच्या नव्या जिल्ह्याचा दवाखाना दीड तासावर. जुन्या दवाखान्याची गाडी आली ती नव्या दगडाशी थांबली.

ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, माझी हद्द इथं संपते. पुढं आलो तर नोकरी जाईल."

आम्ही तिला हातगाडीवरून दगडापर्यंत नेले. तिथून पुढे जायला वेळच उरला नाही. मुलगी दगडाच्या आडोशाला जन्मली आणि असा टाहो फोडला की ड्रायव्हर नोकरी विसरून अलीकडे आला.

गाडीत दोघींना चढवताना तो म्हणाला, "आता ही कुठल्या जिल्ह्याची धरायची?"

बेकरीवाला म्हणाला, "आधी आईची धर. गाडी काढ!"

त्यानंतर पाच महिने दोन्ही जिल्ह्यांनी तिची नोंद नाकारली. नोंद नाही म्हणून लस नाही. बेकरीवाला मला रोज पाव देताना नुसता कागदांची पिशवी दाखवायचा. मी हरकत दाखल केली आणि सुनावणीत ती नक्कल टेबलावर पसरली. रेषा दीड वर्षाने मूळ जागी आली. अध्यक्षांचे पद गेले, त्यांच्याबरोबर भावाची नोकरी गेली आणि त्या दिवसापासून आमचे बोलणे बंद झाले.

कलम ४. पोटाच्या रेषेवरचा तो खोटा दगड उपटला तेव्हा मी मागून आणला होता. तो व्हरांड्यात आहे. तो बेकरीवाल्याच्या मुलीला द्यावा. आता बेकरी तीच चालवते. तिला नकाशातले ओ की ठो कळत नाही. वाऱ्याने दार आपटते, त्याला तो लावणार म्हणते. उत्तम.

कलम ५. मोठ्या साहेबांना काही नाही. सुनावणीनंतर त्यांनी मला दोन वर्षे दूरच्या कार्यालयात धाडले. तिथे तळे होते, मी पोहायला शिकले. त्याबद्दल आभार.

कलम ६. हे कलम कपड्यांबाबत होते. ते लिहीत असताना आज सकाळी दार वाजले. मृत्युपत्र तपासायला आलेल्या वकीलबाईंनी उघडले. धाकटा भाऊ उभा होता, हातात टोपी.

"ताई, अर्धं घर मला देतेस, असं पोरगी म्हणाली. मला नको."

"एकतीस वर्षांनी तोंड उघडलंस, ते नको म्हणायला?"

तो हसला आणि खुर्चीवर बसला. मग खाली बघत म्हणाला, "सुनावणीत तुला विचारलं, पत्र कोणी आणलं. तू म्हणालीस, आठवत नाही. तुला पहिलीतल्या बाकावरचे डाग आठवतात!"

"मग तुझं नाव घेऊ? घरात दोन वर्षांची पोर होती तुझी."

"मी शेवटच्या रांगेत बसलो होतो, ताई. उठून सांगायला हवं होतं. नाही उठलो. मग तुला तोंड कुठलं दाखवू?"

"मला वाटलं, नोकरी घालवली म्हणून डूख धरलास."

"छे! आणि नकलेचं अध्यक्षांनी मला विचारलं होतं. मी सांगितलं, ताईनं जाळली."

"तुला ठाऊक होतं माझ्याकडे आहे ते?"

"तुझ्याकडे मुक्कामाला आलो होतो ना. माझ्याच गादीखाली ठेवली होतीस. कूस बदलली की कुरकुर वाजायची."

मी इतकी हसले की वकीलबाईंनी पाणी आणले. डोळे पुसायलाही त्यांचाच रुमाल घेतला. भाऊ म्हणाला, त्याला साक्षीदार म्हणून सही करायची आहे. वकीलबाईंनी समजावले की ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, झाला तर त्याला दिलेले रद्द होते.

"मग झालं तर," तो म्हणाला. "खोडा माझं नाव."

सबब कलम १ मधील भावाचा हिस्सा रद्द करून संपूर्ण घर भाचीला देते. कपडे कोणीही घ्यावेत.

वरील सर्व मी वाचले, मला समजले, आणि मला हेच म्हणायचे आहे.

ठिकाण : राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक : ९ फेब्रुवारी, सकाळी साडेअकरा

मृत्युपत्र करणारी : (सही)

साक्षीदार :

१. डॉक्टरबाई. बाईंनी माझ्यासमोर शुद्धीत सही केली. (सही)

२. धाकटा भाऊ, निवृत्त चिटणीस. या मृत्युपत्राने मला काहीही मिळत नाही. मी समोर हजर होतो. (सही)