टायरवरचं काळं

दसरा, संध्याकाळ

शी! बोटाचं काळं निघूनच नाही राह्यलं.

आमची जुनी कार ह्यांनी माझ्या बहिणीले विकली. आज ती गाडी न्यायले आली, म्हणून मी पूजा केली. टायरले कुंकू लावलं, तर टिकेचना. बोटानं पुसलं, तर त्या चमकीखाली नुसत्या भेगा! सकाळपासून हे टायरले काळं पॉलिश काहून घासून राह्यले होते, ते तवा समजलं.

हे हळूच म्हणाले, "चाकाखाली निंबू ठेव. देव हाय ना!"

बहीण लेकरं घेऊन खैरलांजीले जाणार होती, त्याच टायरवर.

मी सरळ सांगितलं, "बाई, गाडी नको नेऊ. टायर फुटतीन."

आता हे मलेच विचारून राह्यले, "सगळ्यांसमोर काहून बोलली?" भेगांचं नावच नाही.

अन् रोज ह्याच माणसाच्या नावाचं कुंकू लावते मी.