हॉर्न न देता मोताळा

४ मार्च
दुपारी जेवताना वैशूचा जर्मनीहून फोन. नापास. लेखी नव्हे, रस्त्यावरची. बुलडाण्यात बावीस वर्षं ड्रायव्हिंग क्लास चालवणाऱ्या माणसाची सख्खी मुलगी ड्रायव्हिंगमध्ये नापास. सुमन म्हणाली, आधी तोंडातला घास गिळा. गिळला. कोणाला सांगायचं नाही असं आम्ही दोघांनी ठरवलं. म्हणजे मी ठरवलं, बायकोने ताटं उचलली.

५ मार्च
आज नीट बोलणं झालं. आपलं लायसन तिथे सहा महिनेच चालतं. ते सहा महिने हिचे भाषा शिकण्यात आणि हॉस्पिटलात गेले, गाडीला हातही नाही. आता म्हाताऱ्या माणसांच्या घरोघर जाऊन ड्रेसिंग, औषधपाणी करायचं काम मिळालंय. नर्सिंग केलं ते याचसाठी, म्हणते. पण गावं लांब लांब, गाडी पाहिजेच. एप्रिलअखेर तिथलं लायसन हाती नाही तर काम दुसरीला.

लेखीत एक चूक नाही. रस्त्यावर एक सायकलवाले आजोबा आडवे आले. आडवे म्हणजे समोर, आपले सरळ चालले होते बिचारे. हिने हॉर्न दिला आणि बाजूने गाडी काढली. शेजारी बसलेल्या मास्तराने ब्रेक दाबला. मास्तराने ब्रेक दाबला की तिथे खेळ खलास. मागच्या सीटवरच्या परीक्षकाने गाडी परत वळवायला सांगितली.

"तुम्हीच त शिकोलं होतं बाबा, हॉर्न देल्ला की समोरचा सरकते."

शिकवलं होतं. त्यात चूक काय, तेच कळत नाही.

८ मार्च
दुसरी परीक्षा १६ एप्रिल.

फोनवर वाद घातला. म्हटलं, राजूर घाटात हॉर्न न देता उतरून दाखवा म्हणावं त्या परीक्षकाला. वैशू म्हणाली, आंधळ्या वळणाचं वेगळं, तिथे द्या. सायकलवाल्याला नाही द्यायचा. त्याच्या मागे राहायचं, रस्ता मोकळा झाला की दीड मीटर अंतर सोडून जायचं.
किती वेळ मागे राहायचं?
रस्ता मोकळा होईस्तोवर.
"अन् तो बुढा घरापर्यंत मधातूनच गेला त?"
"त तो घरी पोचेपर्यंत, बाबा."

फोन सुमनकडे दिला.

१२ मार्च
करून पाहिलं. बुलडाणा ते मोताळा, सुमन शेजारी. घाटातली वळणं सोडून कुठेही हॉर्न द्यायचा नाही असा पण. मोताळ्यात नेमका बाजाराचा दिवस. कांद्याच्या हातगाडीमागे अडकलो. गाडीवाला गिऱ्हाईक दिसलं की थांबे, मी त्याच्या मागे थांबे. क्लासचा एक जुना विद्यार्थी काचेवर टकटक करून विचारून गेला, सर, गाडी बंद पडली का, धक्का देऊ का.

सुमन म्हणाली, "तुम्ही नाही वाजवून राह्यले, त मागचे सारेच आपल्याले वाजवून राह्यले."

येताना मेथी आणली. हॉर्नचा पण मोडला दोनदा. (एकदा बकरी. ती धरू नये.)

१७ मार्च
शेळके मॅडमना चिखली रोडला नेलं. झेडपी शाळेत गणित शिकवतात, क्लासला सकाळी सहाला हजर. गाडी मी चालवून दाखवतो, तुम्ही फक्त माझा हात हॉर्नवर किती वेळा जातो ते मोजा, असं सांगितलं. कारण विचारलं तर म्हटलं, अभ्यासक्रम नवीन आहे. चिखलीपर्यंत त्रेपन्न. त्यातले चाळीस रिकाम्या रस्त्यावर, असंही त्यांनी सांगितलं. गणिताच्या बाईला मोजायला लावलं, ही माझी चूक.

२१ मार्च
आज एक झालं. अमडापूरकडून येताना एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन कडेने चालली होती. हॉर्न द्यायचा नाही म्हणून गाडी हळू केली आणि तिच्याकडे बघितलं. भारा तिच्या कानापर्यंत आलेला. हॉर्न दिला असता तर ती दचकून कुठे वळली असती, देव जाणे. आजवर मी हॉर्न द्यायचो आणि सांभाळायचं काम तिच्यावर टाकून मोकळा व्हायचो. बावीस वर्षं पोरांना हेच शिकवलं. वाईट वाटलं. घरी आल्यावरही वाटत राहिलं. सुमनला सांगितलं तर म्हणाली, चहा ठेवते.

२९ मार्च
रविवार. वैशूला लायसनशिवाय एकटीने गाडी चालवता येत नाही, मास्तराचे तास मोजकेच. म्हणून व्हिडिओ कॉलवर सराव. ती तिकडे खुर्चीत, हातात परातीएवढं झाकण, तेच स्टेअरिंग. इकडे फोन मी धरलेला. सुमन म्हणजे सायकलवाले आजोबा, हॉलमधून हळूहळू चालायची. वैशूने फक्त मागे राहायचं, तोंडाने आवाज काढायचा नाही. सुमन मधेच थांबून कपड्यांच्या घड्या घालायला लागली. वैशू पाच मिनिटं वाट बघत बसली. मग हसून हसून झाकण पडलं. खूप दिवसांनी घरात इतकं हसणं झालं.

६ एप्रिल
क्लासमध्ये सांगून टाकलं. एका नवीन मुलाने शाळेपुढे भोंगा लावून धरला, मी रागावलो, तो म्हणाला, सर, सारेच वाजवतात. तेव्हा सांगितलं, माझी पोरगी जर्मनीत यानेच नापास झाली, अन् शिकवणारा मीच. शेळके मॅडमनी विचारलं, मग ते त्रेपन्न? हो म्हटलं.

संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. तीन जणांनी वैशूची विचारपूस केली. चिडायचं ठरवलं होतं, पण हलकं वाटलं.

१५ एप्रिल
वैशूचा फोन. आवाज बारीक. मी आरसा, खांद्यावरून मागे नजर, अंतर सुरू केलं तर म्हणाली, "आज काहीच सांगू नका बाबा. नुसतं बोला." मग मेथीचं बोललो. मॅडमना रिव्हर्स जमायला लागलं त्याचं बोललो. फोन ठेवल्यावर सुमन देवापुढे बसली. मीही बसलो, नेहमी बसत नाही.

१६ एप्रिल
तिथे दहा म्हणजे इथे दीड. पूर्ण परीक्षा पंचावन्न मिनिटांची. क्लासला सुट्टी.

१.३०. मेसेज आला. गाडीत बसली.
१.५०. मागच्या वेळी वीस मिनिटांत सगळं आटपून फोन आला होता. सुमन फोनकडे बघत नाही, बघत नाही म्हणून गव्हातले खडे निवडतेय. गव्हात खडे नाहीत.
२.००. शेळके मॅडमचा फोन, काही कळलं का म्हणून. जरा ओरडलोच. मग माफी मागितली. लाइन मोकळी ठेवा म्हणाल्या, ठेवली.
२.१०. फोन नाही. म्हणजे कोणी ब्रेक दाबला नाही.
२.१७. सुमनने विचारलं, अजून काऊन नाही आला. म्हटलं, येऊ नये अजून. पोरगी चालवतेय.