किंकाळीसाठी ठेवलेली जागा

तीर्थरूप वन्संना,

नमस्कार. पाकीट पाहून घाबरू नका, घरात सगळे धडधाकट आहेत आणि कोणाचंही ऑपरेशन नाही. खरं तर फोनच करायला हवा होता, पण सध्या आमच्या घरात जरा मोठ्याने बोललेलं काहीही रेकॉर्ड होतं (परवा मी दूधवाल्याशी घातलेला वाद एका गाण्याच्या मध्यावर सापडला, आणि तो ठेवायचा की काढायचा यावर दोन तट पडले), म्हणून लिहिते आहे. तुमचा गुडघा कसा आहे? जिना उतरताना आधी कोणता पाय टाकायचा हे तुम्ही मेट्रन म्हणून आयुष्यभर पेशंटना शिकवलंत, तेव्हा मी तुम्हाला सांगणं शोभत नाही, तरी कठड्याला धरून उतरत जा. मागच्या खेपेला तुम्ही आईंच्या शिसवी कपाटाची चौकशी केली होती. त्याचा आरसा मी रोज स्वतःच्या हाताने पुसते आणि लाकडाला कुठेही कीड नाही. आता मुद्द्यावर येते, म्हणजे यायचा प्रयत्न करते.

तुमचे बंधू घरी बसले हे तुम्हाला माहीत आहेच. बसगाड्यांची वेळापत्रकं बनवायचं त्यांचं काम कॉम्प्युटरने घेतलं, आणि निरोपाच्या दिवशी मिळालेलं घड्याळ घेऊन ते खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत जे बसले ते बसलेच. खालून बस गेली की घड्याळ बघायचे, उशीर असला की मान हलवायचे. त्या सबंध वर्षात त्यांनी घरात जेवढे शब्द वापरले तेवढे बिस्किटाच्या पुड्यावर छापलेले असतात. (भांडण नव्हतं हो. भांडण असतं तर मला काहीतरी करता आलं असतं.) काय झालंय, असं विचारलं की म्हणायचे, काही नाही, आणि ते खरंच असायचं. माणूस ‘काही नाही’ म्हणतो आणि खरोखरच काही नसतं, याच्याइतकं भीतीदायक मी दुसरं काही पाहिलेलं नाही.

अशात त्यांना एक फोन आला. तरुणपणी त्यांचा तीन मित्रांबरोबर एक बँड होता हे तुम्ही विसरणं शक्य नाही, कारण तुम्ही ज्या खोलीत झोपायचात तिच्याच खाली तो चालायचा. ‘हाडवैर’ हे त्याचं नाव. (तेव्हा ते जगाशी होतं, आता हाडांशीच आहे.) त्या संगीताला थ्रॅश मेटल म्हणतात. मला समजलं ते इतकंच की शक्य तितक्या वेगात वाजवायचं, शक्य तितक्या रागात गायचं, आणि सगळे एकाच वेळी थांबले तर त्याला कला म्हणायचं. त्यांनी ‘शेवटचा घाव’ नावाची एकच कॅसेट काढली, ती बऱ्यापैकी गाजली, मग नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, आणि चौघांच्याही माळ्यावर एकेक खोकं उरलं. आता कोणा चाहत्याने ती कॅसेट इंटरनेटवर टाकली, देशोदेशीच्या लांब केसांच्या मुलांनी ती ऐकली, आणि एका छोट्या कंपनीला हाडवैरचा नवा अल्बम हवा झाला. (पहिल्याचं नाव ‘शेवटचा घाव’ असल्यावर दुसऱ्याला काय म्हणायचं, हे अजून ठरलेलं नाही.)

मंडळी जमली ती अर्थातच आमच्याकडे. हल्ली तुम्ही येता तेव्हा ज्या खालच्या खोलीत उतरता तिला लागून जी मागची खोली आहे, आईंचं कपाट असतं ती, तिथे. ड्रम वाजवणाऱ्यांना सगळे ‘भूकंप’ म्हणतात. त्यांचं आता गाद्यांचं दुकान आहे. त्यांनी चारी भिंतींना गाद्या उभ्या करून लावल्या, त्यामुळे शेजाऱ्यांना आवाज जात नाही. काही गाद्यांवर अजून किमतीच्या चिठ्ठ्या आहेत, आणि एकीवर ‘पाठदुखीवर गुणकारी’ असं छापलंय, तिला टेकायला चौघांत चुरस असते. ड्रमखाली भरीव लाकडाचा ओटा लागतो, नाहीतर म्हणे प्रत्येक ठोक्याला ड्रम पुढे सरकतात. तोही भूकंपभावोजींनी मी बाजारात गेलेली असताना करवत घेऊन स्वतः करून टाकला. लाकूड जुनं असल्यामुळे आवाज फार खोल येतो यावर सगळ्यांचं एकमत आहे. (ते कुठून मिळालं हे आत्ता नको.)

गिटारवाले दंतवैद्य आहेत. चष्म्याशिवाय त्यांना गिटारवरची बोटं दिसत नाहीत, आणि मान झटकली की चष्मा उडतो, आणि मान झटकल्याशिवाय हे संगीत होत नाही. शेवटी फिजिओथेरपीच्या बाईंनीच सगळ्यांना मान झटकायला मनाई केली, फक्त सावकाश वर-खाली करायची सूट दिली. त्यामुळे ऐन भरात आल्यावर ते चौघे कुठल्याशा प्रस्तावाला मंजुरी देताहेत असं वाटतं. बेस गिटारवाल्यांचं नाव ‘मुका’, कारण कॉलेजात ते कोणाशी बोलत नसत. मधल्या काळात त्यांनी विम्याचं काम धरलं. आता ते दोन गाण्यांच्या मध्ये, आणि गाणं लांबलं तर गाण्याच्या मध्येही, मरणाबद्दल बोलत असतात. सगळी गाणी मरणाचीच असल्यामुळे विषयांतर होत नाही, हे मात्र खरं. रेकॉर्डिंगला एक बाई येतात. एरवी त्या लिफ्टमधल्या सूचना रेकॉर्ड करतात, दारापासून दूर उभे राहा वगैरे. कानांवर मोठे हेडफोन, चेहऱ्यावर काहीही नाही. त्यांनी लाल दिवा लावला की घरात शिंकायचं नाही. माझ्याकडे चहा आणि गाण्यांचे शब्द सुवाच्य अक्षरात उतरवून देणं ही दोन खाती आहेत. (रक्त हा शब्द इतक्या वेळा लिहिला की परवा वाण्याच्या यादीत साखरेच्या जागी तोच गेला.)

आणि वन्सं, तुमचे बंधू बोलायला लागले. पहिल्याच आठवड्यात जेवताना म्हणाले, आज मीठ कमी आहे. मी मीठ आणायला उठले आणि स्वयंपाकघरात उगाचच थोडा वेळ उभी राहिले. मग त्यांनी तालमीचं वेळापत्रक केलं, त्यात येण्याची आणि सुटण्याची वेळ असे रकाने पाडले, आणि भूकंपभावोजी उशिरा आले की दारातच सुनावायला लागले. “तू म्हणजे शेवटची बस आहेस. येशील याची खात्री नाही, आणि आलास तर जागा नाही.” वेताच्या खुर्चीवर आता वायरींची भेंडोळी असतात. ती हलवून खुर्ची मोकळी करायचं कोणी नाव काढलं की मी विषय बदलते.

सगळी गाणी झाली. गाणारे तुमचे बंधूच; घसा त्यांचा पूर्वीसारखा राहिलेला नाही, पण खालच्या पट्टीत गुरगुरल्यासारखं गातात आणि बाकीचं त्या बाई यंत्रावर वाढवतात. अडलं ते एकाच ठिकाणी. ‘शेवटचा घाव’ सुरू होते ती एका किंकाळीने. शब्द नाही, सूर नाही, नुसती किंकाळी, आणि मग ड्रम कोसळतात. म्हणे ती ऐकून लोकांनी गिटारी विकत घेतल्या. एका माणसाच्या फोनची घंटी ती आहे. (त्याच्या बायकोचा पत्ता मिळाला तर मला हवा आहे.) कंपनीचा निरोप आला की काम उत्तम आहे, पण पहिल्या गाण्याआधी तीच किंकाळी हवी, नव्याने मारलेली; ती नसेल तर अल्बम काढणार नाही. बाईंनी गाण्याच्या सुरुवातीला तेवढी जागा मोकळी सोडून ठेवली आहे. रोज गाणं लावतात तेव्हा आधी ती शांतता ऐकू येते, आणि सगळे आपापल्या पायांकडे बघतात.

घशाच्या डॉक्टरांनी तुमच्या बंधूंना ओरडायला साफ बंदी केली आहे. तरी त्यांनी एकदा प्रयत्न केला. बसमध्ये कोणीतरी पायावर पाय दिल्यासारखा आवाज आला, आणि पुढचे तीन दिवस ते पाटीवर लिहून चहा मागत होते. भूकंपभावोजींना ठसका लागला. दंतवैद्य म्हणाले, मी दिवसभर ऐकतो हो, मारायची सवय नाही. मुकाभावोजींची किंकाळी खणखणीत होती, पण तिच्या शेवटी ते आपोआप हसले, आणि बाई म्हणाल्या की ही ऐकून हप्ता विचारावासा वाटतो. मग जुन्या कॅसेटवरूनच का घेत नाही, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, त्यात आता किंकाळीपेक्षा खरखर जास्त आहे. तुमचे बंधू उठले, आणि वेताच्या खुर्चीवरच्या वायरी उचलायला लागले.

म्हणून एका दुपारी, मंडळी यायच्या आधी, मी बाईंना म्हटलं, लावा तुमचा दिवा. माझ्यात इतकं काही असेल असं मलाही वाटलं नव्हतं. बाईंनी दोनदा ऐकली, पहिल्यांदाच हेडफोन काढले आणि म्हणाल्या, “छान आहे ताई. पण ही कोणावर रागावलेली नाही.” दारात तुमचे बंधू उभे होते. त्यांनी त्या दिवशीचा चहा केला. (साखर विसरले. मी प्यायले.)

चहा पिताना ते जे म्हणाले ते तुम्हाला सांगायलाच हवं. म्हणाले, “ती मी मारलेलीच नाही. ती ताईची आहे.”

तुम्ही रात्रपाळीहून येऊन झोपला होतात. खाली यांचं सकाळपासून चाललेलं, टेप चालू. तुम्ही जिना उतरून आलात, दार उघडलंत, केस सुटलेले, आणि एक शब्दही न बोलता ती किंकाळी मारलीत. मग दार ओढून घेतलंत आणि वर जाऊन झोपलात. चौघांची वाद्यांना हात लावायची छाती होईना, म्हणून त्या दिवशी काम तिथेच थांबलं. नंतर टेप ऐकली तर सगळ्यांत चांगलं तेवढंच होतं. ते त्यांनी सुरुवातीला लावलं. लोक कौतुक करायला लागले, यांनी आभार मानले, आणि एकदा आभार मानल्यावर, ते म्हणतात, सांगायचं राहूनच गेलं. तुम्ही ती कॅसेट कधी ऐकली नाहीत आणि त्यानंतर कधी आवाजही चढवला नाहीत. (तुमच्या वॉर्डात तुम्ही आवाज खाली आणलात की लोक गार पडायचे, हे मी स्वतः पाहिलं आहे.) मी म्हटलं, मग विचारा ना ताईंना. तर म्हणाले, कुठल्या तोंडाने विचारू? पंधरा दिवस वाट बघतो आणि कंपनीला नाही म्हणून कळवतो.

असं आहे. मला यात काही मागायचं नाही, फक्त तुमची गोष्ट तुमच्या कानावर असावी म्हणून कळवलं. हे पत्र त्यांना माहीत नाही. मी आठवं गाणं उतरवून काढते आहे असा त्यांचा समज आहे. गुडघ्याला शेक देत जा.

तुमची, घरात सध्या सर्वांत कमी आवाजाची,
भावजय

ता. क. वर ‘मला काही मागायचं नाही’ असं लिहिलं आहे, ते खोडून वाचावं. चार दिवस राहायला या, आणि पत्र मिळताच निघा. तुमची खोली आवरून ठेवली आहे. दुपारी जेवून तुम्ही आडव्या व्हाल, तेवढ्यात हे लोक सुरू करतील. मधल्या भिंतीची गादी मी आधीच काढून ठेवीन. डोळा लागता लागता जे काय मनात येईल ते घेऊन दार उघडायचं, एवढंच. माइक दाराकडे तोंड करून असेल.

ता. क. २. पाकीट चिकटवताना लक्षात आलं की सगळं आधीच सांगितल्यामुळे आता तुम्हाला राग येणार नाही. तुम्ही तर खोटं कण्हणारा पेशंट दारातून ओळखायचात. या बाईही तशाच आहेत. नाटकाची किंकाळी चालणार नाही.

ता. क. ३. रात्रभर विचार केला, आणि ती काळजी मिटली. तुम्ही आलात की खोलीत नेऊन, लाल दिवा लागल्यावर, ड्रमखालचा ओटा तेवढा तुम्हाला जवळून दाखवीन. तोपर्यंत आईंच्या कपाटाबद्दल मी वर जे लिहिलं आहे ते परत वाचू नये, ही विनंती. आरसा खरंच सुखरूप आहे.