गाडीत मारलेला शिक्का

अहो,

तुम्ही गेल्यावर तुम्ही जमवलेली जुनी टपालाची पाकिटं मी पहिल्यांदाच घराबाहेर नेली. सेलूला एका शाळेत प्रदर्शन होतं. रेल्वे डाकेचे शिक्के असलेली पाकिटं टेबलावर मांडली आणि तुमच्यासारखीच समजावून सांगत बसले.

वालूरच्या कासाबाई नातीसोबत आल्या होत्या. नातीनं एका पाकिटावरचा पत्ता मोठ्यानं वाचला, येडबा धनाजी, मुक्काम वालूर. मागं पाठवणाऱ्याचं नाव होतं, बिरदेव. म्हातारीनं पाकीट उचलून हातात घेतलं.

"येडबा माझा बाप. अन् बिरदेव भाऊ हाय माझा. बापासंगं भांडून गेला, परत आला न्हाई. त्याचा कागद बी कधी आला न्हाई, असंच बाप मरस्तोवर सांगत व्हता."

पाकीट रिकामं होतं, आणि तुम्हाला ते कुठं मिळालं ते तुम्ही कधी सांगितलं नव्हतं. मी एवढंच सांगू शकले, की हा शिक्का गावच्या पोस्टातला नाही. आधी गाडीला डाकेचा डबा असायचा, त्याच्या पेटीत टाकलेल्या पत्रावर गाडीतच शिक्का मारायचे.

त्यांनी शिक्क्यावरून बोट फिरवलं. "म्हंजे गाडीत बसल्या बसल्याच लिवलं त्यानं. लांब जायच्या आदीच राग गेलता त्याचा."

तसंच झालं असेल का, मला माहीत नव्हतं. मी हो म्हणाले.

तुमचं सगळ्यात आवडतं पाकीट होतं ते, कुणाला हात लावू देत नव्हता. मी ते कासाबाईंना देऊन टाकलं. तुम्ही असता तर आधी चक्क नाही म्हणाला असता, आणि मग पाकीट हातात देऊन त्यांना एसटीत बसवून आला असता.

तुमची,
राजेश्री