पंगतीतला वाकडा गुडघा

सर,

आज सकाळी चिकलठाण्याच्या घरात तूप थिजलेलं होतं आणि शेजारची करडईच्या तेलाची बाटली खुशाल वाहती. तुम्ही आठवलात. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. मी आता वर्तमानपत्रात लोकांची खिल्ली उडवून पोट भरते. तुमची मात्र कधी उडवता आली नाही. त्याला कारण आहे.

मी तुमच्या हाताखाली शिकत असताना विद्यापीठातल्या प्रयोगाच्या खोलीत तुम्ही पेशीचं आवरण काचेवर बनवायचात, नुसत्या स्निग्ध रेणूंचं, नकली. मला काही कळेना, तेव्हा म्हणालात, "पंगत बघितलीस का नाय? सरळ शेपटीचे रेणू मांडीला मांडी लावून बसतात. करडईच्या तेलातल्या रेणूच्या शेपटीला बाक असतो, गुडघा दुखणाऱ्या मामासारखा. त्यो पाय पसरतो, पंगत सैल होते." दोन्ही एकत्र आले की सरळवाले कोलेस्टेरॉलला धरून घट्ट बेटं करतात, बाकवाले भोवती वाहत राहतात. ती बेटं तुम्हाला डोळ्यांनी पाहायची होती.

थंडी सरतानाची दुपार. तुम्ही वर्गावर. मी सूक्ष्मदर्शकात डोकावते, तर चमकत्या आवरणावर काळे गोल ठिपके. खोलीत डबा खायचा नाही हा तुमचा नियम, आणि मी नुकताच खाल्लेला. मला वाटलं, माझ्या बोटांचा, वांग्याच्या भाजीचा तवंग. तुमच्या धाकानं काच धुतली आणि वहीत लिहिलं, 'काच फुटली.' तुम्ही एवढंच बोललात, "लई घाई तुला, बाई."

मग उन्हाळा लागला, खोली तापत गेली. दोन महिने तुम्ही मिश्रण बदलत राहिलात, आपलंच काहीतरी चुकतंय म्हणत. एप्रिलात एकदा वाटलं, उबेनं बेटं विरघळत असतील, म्हणून तुम्ही फाटकाजवळच्या रसवंतीवर गेलात. रसवाले चाचा म्हणाले, "क्या सर, रस छोडके खाली बरफ?" तो बर्फ रुमालात बांधून आणलात, काचेला टेकवलात, थोड्या वेळानं हाक मारलीत, "ये, आधी तू बघ. पहिला मान तुझा."

बघितलं. तेच काळे गोल ठिपके. तुमची बेटं.

तुम्ही ओल्या बाहीनं शेजारी उभे, रुमाल पिळत, परीक्षेचा निकाल ऐकायला आल्यासारखे. मी म्हटलं, "अगंबाई, सर, हे काय?" आयुष्यात एवढा चांगला अभिनय पुन्हा जमला नाही.

हे पत्र टाकायला पत्ता नाही. असता तरी टाकलं नसतं. मी ते दुसऱ्यांदा बघत होते, हे सांगायची हिंमत तेव्हा नव्हती. आज आली आहे, असंही नाही.