माझ्या नावाचा अख्खा मांडा

मी, श्रीमती रुक्मिणीबाई दोधू पाटील, वय ६७, धंदा शेती व घरकाम, राहणार तळोदा, जि. नंदुरबार, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कुणाच्या दडपणाखाली न येता लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. शुगर ठिकाणावर नाही, पण मृत्युपत्राला डोके लागते, असे वकिलांनी सांगितले. घर-शेताचे काय, ते वाटले गेलेच असते. मी लिहायला बसले ती कलम चारसाठी.

१. राहते घर मुलगा योगेंद्र याला. माझ्या नावावरचे केळीचे शेत योगेंद्र आणि मुलगी ममता यांना निम्मे-निम्मे. दोघांनी बांधावरून भांडू नये.

२. सोन्याची पोत सूनबाई सीमा हिला. घरातल्या गोडाचा डबा कपाटात आणि कपाटाची किल्ली तिच्या कमरेला असते. तरी ती मनाने वाईट नाही, नवऱ्याच्या सांगण्यावरून करते.

३. बोट टोचून रक्त तपासायचे यंत्र योगेंद्रला. सकाळी उठल्यावर मुलगा आईला बरे आहे का विचारतो, माझा विचारतो, "माय, शुगर कितली उनी?" आकडा जास्त आला की, "काय खादं? खरं सांग." मी चोर आणि तो फौजदार. कधी कधी काहीच खाल्लेले नसते, तरी आकडा चढतो आणि मी मान खाली घालते. पंधरा वर्षे झाली, या मान खाली घालण्याचा मला कंटाळा आला आहे. पण माझ्या पायाचे बोट काढले, तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात ढसाढसा रडला तोही तोच, हे इथे नमूद करते.

४. खापर. हे मातीचे भांडे चुलीवर उपडे घालून त्यावर मांडे भाजतात. हाताच्या कोपरापर्यंत पुरणाचा मांडा ताणून खापरावर टाकावा तर मीच, असे आमच्या गल्लीत अजून म्हणतात. पुरण चाखायचा मानही माझाच होता. शुगर निघाली आणि तो मान माझ्या थोरल्या जावेकडे, भिकुबाईकडे गेला.

भिकुबाईचा मला मत्सर वाटतो. मृत्युपत्रात खोटे कशाला लिहू? ती वयाने सात वर्षांनी मोठी. चहाच्या तळाची साखर बोटाने चाटते. पायात बाभळीचा काटा मोडला तर सुईने काढते, हळद लावते आणि दुसऱ्या दिवशी अनवाणी शेतात. मला चप्पल लागली तरी दोन महिने पट्ट्या. मांडे मी करायचे, घामाने मी भिजायचे, आणि ती डोळे मिटून पुरण चाखत म्हणणार, "मीठ जरासं कमी शे वं." मीठ कमी नसते.

यंदाच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, योगेंद्रने निखाऱ्यावर पितरांचा घास टाकला. वडिलांच्या नावाने अख्खा मांडा, वर आमरस, वर तूप. मी ज्वारीची भाकरी घेऊन बघत होते. मेलेल्या नवऱ्याचाही हेवा वाटला. तेवढ्यात योगेंद्र हसत म्हणाला, "माय, तुन्हा घास मी अर्धाच टाकसू. नही ते वर बी शुगर वाढी जाई." सगळे हसले, मीही हसले. भिकुबाई भरल्या तोंडाने म्हणाली, "तू गयी का हाई खापर माले देजो." त्या रात्री उशी ओली झाली.

म्हणून लिहून ठेवते, की माझ्या नावाचा घास योगेंद्रने टाकू नये. तो भीतीपोटी खरेच अर्धा टाकेल. खापर भिकुबाईला द्यावे. दर आखाजीला धुरात बसून तिने स्वतः मांडे करावेत, पहिला अख्खा माझ्या नावाने टाकावा आणि तोवर पुरणाला बोट लावू नये. त्या दिवशी चाखायचा मान सीमाचा.

"त्या तुमच्याआधी गेल्या तर?" असे वकिलांनी विचारले. नाही जाणार. तेच तर माझे दुखणे आहे. हे काम तिलाच द्यायचे कारण एवढेच, की माझ्या वाटचे मांडे पंधरा वर्षे तिच्या पोटात गेले. माझे काय गेले, हे या घरात तिच्याइतके कुणाला माहीत नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, बरोबर आहे. साक्षीला भिकुबाई बसत होती. जिला काही मिळायचे आहे तिने साक्षीला बसायचे नसते, असे वकील बोलून गेले. तेव्हापासून ती दारात उभी राहून विचारते आहे, "काय दिधं वं माले?" तिच्या गालात गुळाचा खडा आहे, मला इथून दिसतो.

साक्षीदार :
१. रेवजी मोतीराम पाटील (सही)
२. चुडामण आनंदा पाटील (सही)

लिहून ठेवणार : रुक्मिणीबाई दोधू पाटील (सही)

स्थळ : तळोदा
दिनांक : १२ मे २०२५